प्रकल्प नोंदी: साधा स्नॅपशॉट की थिन? दवा बाजार, इंदूर

२४ फेब्रुवारी २०२५, सोमवार

दवा बाजारातल्या घाऊक औषध पेढीचं काम आजपासून आपल्याकडे. सर्व्हर एकच. लिनक्स, दोन एसएसडी रेड १ मध्ये (एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर), वर एलव्हीएम, म्हणजे डिस्कची जागा व्हॉल्यूम नावाच्या भागांत वाटणारी लिनक्सची सोय. मारियाडीबी या डेटाबेसमध्ये बिलं, बॅच नंबर, एक्स्पायरी. शेजारी स्कॅन केलेल्या कागदांचं फाइल शेअर. आधीच्या माणसाने बॅकअप लावलाय तो असा: रात्री ११ ला डेटाबेस बंद, फाइली उचला, पुन्हा चालू. तेव्हा ११ ला सगळं शांत असायचं. आता महू, देवास, धारच्या ऑर्डरी मोबाइलवरून येतात आणि नेमक्या त्याच वेळी सिस्टिम गायब.

काका (मालक, पेढीत सगळे काकाच म्हणतात) म्हणाले, "बंद न करता बॅकअप घे. आणि परवा संध्याकाळी स्टॉक काय होता ते मागितलं की दाखवता आलं पाहिजे. एवढंच काम आहे."

एवढंच! अकाउंट्सच्या ताईंनी तिसरं जोडलं: वर्षअखेरीचं क्लोजिंग खऱ्या डेटावर चालवण्याआधी एका नकलेवर चालवून बघायचंय. गेल्या वर्षी ओपनिंग बॅलन्स जुळेपर्यंत एप्रिल अर्धा गेला होता म्हणे.

तिन्हीला उत्तर स्नॅपशॉट, म्हणजे व्हॉल्यूम एका क्षणी जसा होता तसा धरून ठेवणं. प्रश्न कुठल्या जातीचा: साधा की थिन.

पाहणीत दोन गोष्टी सापडल्या. एक, व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (ज्या सामायिक साठ्यातून व्हॉल्यूम कापले जातात त्यात) मोकळी जागा शून्य; सगळी जागा व्हॉल्यूम्सना वाटून टाकलीय. दोन, डेटाबेसच्या फाइली एका व्हॉल्यूमवर आणि त्याचे रीडू लॉग (बिघाडानंतर सावरायला ठेवलेल्या बदलांच्या नोंदी) दुसऱ्यावर. दुसरी जास्त वाईट. स्नॅपशॉट एका वेळी एकाच व्हॉल्यूमचा होतो. दोन लागोपाठ घेतले तरी मधल्या क्षणात लिहिलेलं एकात असेल, दुसऱ्यात नसेल. अशा जोडीवरून इनोडीबी (मारियाडीबीचं साठवणीचं इंजिन) उठेलच याची हमी कोणी देऊ नये.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

जोडीदार थिनच्या बाजूने आहे. "भिया, आता कोण जुना स्नॅपशॉट घेतो?" असा त्याचा सूर. वाद घालण्याआधी दोन्हींची चाल लिहून ठेवतो, नाहीतर नुसतं जुनं-नवं करत बसू.

साधा, म्हणजे एलव्हीएमचा पहिल्यापासूनचा स्नॅपशॉट. घेताना त्याला एक आकार द्यावा लागतो, समजा ४० जीबी. ती जागा सुरुवातीला रिकामी. मूळ व्हॉल्यूमच्या एखाद्या तुकड्यावर पहिल्यांदा काही लिहायची वेळ आली की तिथला जुना मजकूर आधी त्या ४० जीबीत उचलून ठेवला जातो आणि मग नवा लिहिला जातो. म्हणजे एका लिखाणाच्या पोटात एक वाचन आणि एक जादा लिखाण, वर कुठलं कुठे ठेवलं त्याची नोंद. त्याच तुकड्यावर दुसऱ्यांदा लिहिलं की हा खर्च नाही. तुकडा ठरवून दिला नाही तर ४ केबी, जास्तीत जास्त ५१२ केबी. नोंद १६ बाइटची, म्हणून ४ केबीच्या एका नोंदपानावर २५६ तुकड्यांचा हिशेब मावतो.

खरी गोम पुढे आहे. प्रत्येक स्नॅपशॉटची जागा स्वतंत्र. एकाच व्हॉल्यूमचे सात दिवसांचे सात ठेवले तर एका लिखाणासाठी जुना मजकूर सात ठिकाणी उचलायचा. त्यामुळे "परवाचा स्टॉक" साध्या स्नॅपशॉटवर धरून बसणं म्हणजे रोज थोडा थोडा ब्रेक दाबत गाडी चालवणं. शिवाय स्नॅपशॉटचा स्नॅपशॉट होत नाही.

थिन स्नॅपशॉट लिनक्स ३.२ पासून कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात आहे, म्हणजे २०१२ च्या जानेवारीपासून. तेरा वर्षांच्या गोष्टीला नवी म्हणतोय खरा. यात आधी पूल करायचा: एक डेटाचा भाग, एक मेटाडेटाचा. कुठला ब्लॉक कुणाकुणाचा आहे ते मेटाडेटातलं झाड सांगतं. स्नॅपशॉट घेतला म्हणजे त्या झाडाला एक फांदी जोडली, डेटा जागेवरच. आकार द्यायचा नाही. उलट सवयीने आकार दिलात तर एलव्हीएम गुपचूप साधा स्नॅपशॉट करून देतं, हे लक्षात ठेवायचं. दहा स्नॅपशॉट असले तरी सामायिक ब्लॉकवर लिहिताना नक्कल एकदाच. स्नॅपशॉटचा स्नॅपशॉटही चालतो. कागदावर थिनच जिंकतो, यात वादच नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल महाशिवरात्रीची सुट्टी. आज ऑफिसातल्या जुन्या डब्यावर एकच प्रश्न घेऊन बसलो: भरलं की काय होतं?

साध्याची पाळी आधी. १० जीबीचा व्हॉल्यूम, त्याचा १ जीबीचा स्नॅपशॉट, मग मूळ व्हॉल्यूमवर २ जीबीची फाइल ओतली. दुसऱ्या खिडकीत एलव्हीएस (व्हॉल्यूमची स्थिती दाखवणारी आज्ञा) चालू. टक्केवारी चढत गेली, शंभरला टेकली, आणि खुणांच्या ओळीत पाचव्या जागी मोठा आय आला: इनव्हॅलिड. कर्नलच्या लॉगमध्येही तेच, स्नॅपशॉट बाद. त्यातलं काहीही आता वाचता येणार नाही. काढून टाकणे एवढंच उरतं.

आणि मूळ व्हॉल्यूम? २ जीबी पूर्ण लिहून झाले, फाइलचा चेकसम (मजकूर जसाच्या तसा आहे का ते सांगणारा आकडा) बरोबर, कुठे अडखळल्याची खूण नाही. स्नॅपशॉट मेला, त्याला मरू दिलं, गाडी पुढे गेली.

आपोआप वाढवण्याची सोय आहे, पण मुळातली मर्यादा १०० टक्के असते, म्हणजे सोय बंद. ती खाली आणावी लागते आणि ग्रुपमध्ये मोकळी जागा लागते.

३ मार्च, सोमवार

थिनची पाळी. ५ जीबीचा पूल, त्यावर १० जीबीचा दिसणारा व्हॉल्यूम, फाइलसिस्टिम ईएक्सटी४, आणि त्याचा एक स्नॅपशॉट. असं जास्तीचं वाटप थिनमध्ये राजरोस चालतं, एलव्हीएम फक्त इशारा छापतं. मग ६ जीबी लिहायला लावले.

कॉपी करणाऱ्या प्रोग्रामला आधी काहीच कळलं नाही, कारण लिखाण मेमरीत जमत होतं. पूल भरला तसा कर्नलने तो "जागा संपली, लिखाण रांगेत" अशा अवस्थेत टाकला. आता सगळं गोठलं. चूक नाही, संदेश नाही, नुसतं थांबलेलं. ६० सेकंद उलटल्यावर रांग मोडली आणि लिखाणाला एरर मिळायला लागले. बफरमधलं न लिहिलेलं गेलं, जर्नल (फाइलसिस्टिमची बदलांची नोंदवही) तुटलं आणि फाइलसिस्टिम रीड-ओन्ली झाली. स्नॅपशॉटला काही झालं नाही. मार बसला तो चालू व्हॉल्यूमला. पूल एकच असल्यामुळे त्यावर दुसरा व्हॉल्यूम असता तर त्याचंही तेच झालं असतं.

पुन्हा केलं, या वेळी ६० सेकंदांच्या आत पूल वाढवला. रांगेतलं सगळं सुखरूप उतरलं, जणू काही झालंच नाही. म्हणजे थिन वाईट नाही. त्याच्याजवळ कोणीतरी जागं पाहिजे, एवढंच. दवा बाजारात रात्री ११ ला जागं कोण? चौकीदार.

मेटाडेटा भरणं त्याहून वाईट. तेव्हा पूल रीड-ओन्ली होतो आणि दुरुस्ती चालवावी लागते. एलव्हीएम त्यासाठी एक जादा मेटाडेटा व्हॉल्यूम राखून ठेवतं. तो "उगाच जागा खातो" म्हणून काढणारी माणसं मी पाहिली आहेत.

४ मार्च, मंगळवार

काकांच्या केबिनमध्ये बसलो. झाडं-फांद्या सांगायला सुरुवात केली तर त्यांनी हात वर केला. "हे राहू दे. भरल्यावर काय होईल, ते सांग ना पहिले."

सांगितलं. जुन्यात त्या रात्रीचा बॅकअप जाईल, धंदा चालू राहील. नव्यात बॅकअप राहील, धंदा थांबेल.

"मग दुकानात जुना लाव. हे विचारायला आला होतास?"

"काका, मग परवाचा स्टॉक नाही दाखवता येणार."

"तो दुकानातच दाखवायला पाहिजे असं कुठे म्हटलं मी?"

खरंच कुठे म्हटलं होतं! आम्ही दोघं आठवडाभर एकाच सर्व्हरवर एकाच पद्धतीला बसवायला बघत होतो.

जिन्यावरच ठरलं. चालू सर्व्हरवर साधा स्नॅपशॉट, तोही बॅकअपपुरता: रात्री घ्यायचा, माउंट करायचा, वेगळ्या बॅकअप मशीनवर नक्कल न्यायची, लगेच काढून टाकायचा. बॅकअप मशीनवर थिन पूल, आणि रोजची नक्कल उतरली की तिथे एक थिन स्नॅपशॉट. इतिहास तिथे साठेल, क्लोजिंगची तालीमही तिथेच. तो पूल भरला तर एका रात्रीचा बॅकअप अडेल, बिल अडणार नाही. जोडीदाराला अर्धं राज्य मिळालं, तो खूश.

झेडएफएस या, स्वतःचेच स्नॅपशॉट घेणाऱ्या फाइलसिस्टिमचा विषयही त्याने काढला. चांगलं आहे, पण ते कर्नलसोबत येत नाही आणि आमच्यानंतर हे सांभाळणारा माणूस ते शिकलेला असेलच असं नाही. एलव्हीएम तिथे आधीपासून आहे. विषय संपला.

११ मार्च, मंगळवार

आज जीएसटीआर-१ ची (विक्रीच्या जीएसटी विवरणाची) शेवटची तारीख, मुद्दाम मोजायला गेलो. ग्रुपमध्ये जागाच नसल्याने स्नॅपशॉट लावून मोजता येत नाही. कर्नलच्या डिस्क-आकडेवारीतून डेटाबेस व्हॉल्यूमवर किती लिहिलं गेलं ते दर तासाला उतरवलं. हा आकडा गरजेपेक्षा फुगीर असतो, कारण एकाच तुकड्यावर शंभरदा लिहिलं तर इथे शंभरदा धरलं जातं, स्नॅपशॉटमध्ये एकदाच. अंदाज फुगीर असलेला बरा.

रात्रीच्या कॉपीच्या वेळेचं लिखाण ४० जीबीच्या आसपासही जात नाही. स्नॅपशॉटला ४० जीबी नक्की, वर २० जीबी ग्रुपमध्ये मोकळी. आपोआप वाढीची मर्यादा ७० टक्के, दर वेळी वाढ २० टक्के: ४० चे ४८, ४८ चे ५७.६. दोन वाढी बसतात. तुकडा १६ केबी ठेवणार, कारण इनोडीबीचं पान तेवढंच असतं आणि ४ केबीच्या चार हालचालींऐवजी एकात भागतं.

हे ६० जीबी आणायचे कुठून? डेटाबेसचा व्हॉल्यूम एक्सएफएस फाइलसिस्टिमचा. ते वाढवता येतं, लहान करायचं म्हटलं तर काढून पुन्हा मांडणंच आलं. नशिबाने फाइल शेअर ईएक्सटी४ आहे आणि अर्धं रिकामं. ते अनमाउंट करून लहान होतं.

१३ मार्च, गुरुवार

बॅकअप मशीनवर पूल उभा केला. ५०० जीबी, ब्लॉक ६४ केबी. मेटाडेटाचा हिशेब: प्रत्येक ब्लॉकला ६४ बाइट धरायचे, म्हणजे ५०० जीबीला बरोबर ५०० एमबी. स्नॅपशॉट पुष्कळ होणार म्हणून १ जीबी दिला. डिस्क २ टीबीची, उरलेली जागा ग्रुपमध्ये मोकळीच ठेवली, पूल आपोआप वाढायला. दोन थिन व्हॉल्यूम, मिळून पूलपेक्षा मोठे. इथे चालेल.

संध्याकाळी होळी, लवकर निघालो.

१७ मार्च, सोमवार

चालू सर्व्हर थोडा वेळ बंद ठेवायला १९ तारीख, रंगपंचमी. इंदूरात त्या दिवशी गेरसाठी (रंगपंचमीच्या मिरवणुकीसाठी) राजवाडा भरलेला असतो आणि बाजार बंद. अडचण एकच: २० ला जीएसटीआर-३बी या दुसऱ्या जीएसटी विवरणाची शेवटची तारीख. ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी १८ लाच भरून टाकते. त्याच्याआधी सर्व्हरला हात लावायचा नाही हं." कबूल.

१९ मार्च, बुधवार. रंगपंचमी

राजवाड्याकडचे सगळे रस्ते बंद, दुरून ढोल आणि पाण्याच्या तोफा. वळसा घालून पोचेपर्यंत शर्ट गुलाबी.

आधी जुन्या पद्धतीने पूर्ण बॅकअप, बंद डेटाबेसवरून. तो बाहेरच्या डिस्कवर गेला आणि चेकसम जुळले, तेव्हाच पुढे.

फाइल शेअर अनमाउंट, तपासणी, मग आधी फाइलसिस्टिम आणि नंतर व्हॉल्यूम लहान. हा क्रम उलटा झाला तर फाइलसिस्टिमची शेपटी कापली जाते, म्हणून एलव्हीएमच्याच आज्ञेला दोन्ही एकत्र करायला सांगितलं. ६० जीबी मोकळे.

रीडू लॉग डेटाच्या व्हॉल्यूमवर हलवले. डेटाबेस नीट बंद झाल्याची ओळ लॉगमध्ये बघूनच फाइली हलवल्या, कॉन्फिगमध्ये वाट बदलली, चालू केला. कुरकुर नाही.

पहिला स्नॅपशॉट घेतला. एलव्हीएम त्या क्षणी फाइलसिस्टिम गोठवून सोडतं, वेगळं काही करावं लागत नाही. माउंट करायला गेलो तर नकार. एक्सएफएसची खास सवय: मूळ आणि स्नॅपशॉट दोघांची यूयूआयडी (फाइलसिस्टिमची ओळख-खूण) एकच, आणि मूळ आधीच माउंट आहे. नोयूयूआयडी हा पर्याय दिला की गप्प बसतं. स्क्रिप्टमध्ये टाकलं, सोबत रीड-ओन्ली.

२१ मार्च, शुक्रवार

पहिल्या रात्री पहिली नक्कल, ती पूर्णच जाणार होती. दुसऱ्या रात्रीनंतर पूल बघितला तर जवळजवळ तेवढाच पुन्हा फुगलेला. पेढीत एका दिवसात सगळा डेटाबेस बदलला? शक्यच नाही.

कारण आरसिंकच्या, म्हणजे नक्कल नेणाऱ्या प्रोग्रामच्या वागण्यात आहे. ते नेटवर्कवरून फक्त बदललेला भाग पाठवतं, हे खरं. पण पोचल्यावर पूर्ण फाइल नव्या नावाने लिहून जुनीच्या जागी ठेवतं. फाइल नवी म्हणजे ब्लॉक नवे, आणि जुने ब्लॉक कालच्या स्नॅपशॉटने धरून ठेवलेले. इनोडीबीच्या मोठ्या फाइलीत एक बिल बदललं तरी अख्खी फाइल दुप्पट. इन-प्लेस हा पर्याय दिल्यावर ते जुन्याच फाइलीत बदललेल्या जागी लिहितं. थिन स्नॅपशॉटवर आरसिंक उतरवणाऱ्या प्रत्येकाने हा पर्याय दारावर लिहून ठेवावा.

त्याची किंमतही आहे: नक्कल मध्येच तुटली तर फाइल अर्धी नवी, अर्धी जुनी. म्हणून नक्कल पूर्ण झाल्याचा निकाल आल्याशिवाय तिथला थिन स्नॅपशॉट घ्यायचा नाही. तुटली तर कालचा शाबूत आहेच.

आज, तिसऱ्या रात्रीपासून वाढ दिवसाच्या कामाच्या प्रमाणात राहायला हवी. पहिल्या दोन रात्रींचे स्नॅपशॉट काढले आणि एफएसट्रिम चालवलं. ते चालवल्याशिवाय पुसलेल्या फाइलींची जागा पूलला परत मिळत नाही. फाइलसिस्टिमला जागा मोकळी दिसते आणि पूलला भरलेली.

२४ मार्च, सोमवार

काकांची परीक्षा. "शनिवारी संध्याकाळी या सिरपचा स्टॉक किती होता?"

जोडीदार शनिवारचा स्नॅपशॉट शोधत बसला, यादीत आहे पण डिव्हाइस नाही. थिन स्नॅपशॉट जन्मतःच "आपोआप चालू करू नका" अशी खूण घेऊन येतो; मोठ्या केची खूण देऊन चालू करावा लागतो. त्यावरून आणखी एक थिन स्नॅपशॉट घेतला, लिहिण्याजोगा, कारण डेटाबेस उठताना लॉगमधून सावरून घेतो आणि त्यात लिहितो. शनिवारची मूळ प्रत अस्पर्श राहिली पाहिजे. मारियाडीबी त्यावर उठला, सावरल्याच्या ओळी आल्या, टेबलांची तपासणी स्वच्छ. आकडा काढला. काकांनी कागदी रजिस्टर उघडून ताडून पाहिला, मान हलवली आणि फोन घेतला. कौतुक त्यांच्याकडून एवढंच मिळतं.

२७ मार्च, गुरुवार

क्लोजिंगची तालीम. कालच्या स्नॅपशॉटची नक्कल, त्यावर ताईंनी वर्षअखेर चालवली. दोन पार्ट्यांचं ओपनिंग चुकीचं आलं. मास्टरमध्ये एकाच पार्टीचे दोन खाते निघाले. नक्कल फेकली. ताईंनी खऱ्या डेटात खाती एक केली, रात्रीच्या बॅकअपनंतर नवी नक्कल, पुन्हा तालीम. हेच साध्या स्नॅपशॉटवर केलं असतं तर तालमीचं लिखाण आणि दुकानाचं लिखाण दोन्ही त्याच ४० जीबीत भरत राहिलं असतं. थिनसाठी मी मनापासून हात वर करतो तो या एका कामाला.

२ एप्रिल, बुधवार

खरं क्लोजिंग काल झालं, ओपनिंग जुळलं.

राखण: रोजचे स्नॅपशॉट दोन आठवडे, महिनाअखेरीचे वेगळे. जीएसटीची कागदपत्रं ७२ महिने ठेवायची असतात. ते स्नॅपशॉटचं काम नाही, हे काकांना लेखी दिलं. त्या नकला दर महिन्याला बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क पेढीबाहेर.

बाकी: एक स्नॅपशॉट काढल्याने किती जागा सुटेल हे एलव्हीएस सांगत नाही, कारण ब्लॉक सामायिक असतात. थिन-एलएस प्रत्येकाचे खास ब्लॉक मोजतं, ते साप्ताहिक अहवालात जोडायचं. पूल ८० टक्क्यांवर गेला की इशारा लॉगमध्ये पडतो, पण तिथे वाचणारा कोणी नाही. तो जोडीदाराच्या फोनवर जाईल अशी छोटी स्क्रिप्ट शनिवारपर्यंत.